दहा चिंचोके

आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला तहानेनं मारायला काढलं होतं. शपथेवर सांगते, जराही वाढवून सांगत नाही. चैत्राचं ऊन, तेही सोलापूरचं. आदल्या दिवशी नातेपुत्याहून मोटारीनं आले होते आणि आत्याच्या घरापासून शाळेपर्यंत पायी गेले होते. घशाला कोरड पडलेली. पेठेतल्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा होती, मी सातवीची फायनल पास होते आणि वडिलांनी बरोबर चिठ्ठी दिली होती. बाईंनी चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. तांब्यातून फुलपात्र भरलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पानी," मी म्हटलं आणि हात पुढे केला.

बाईंनी फुलपात्र आपल्याकडे ओढून घेतलं. "काय आहे?"

मला वाटलं, बिचारीला ऐकायला कमी येतंय. म्हणून मी ओरडूनच सांगितलं, "पानी हाय, बाई! पानी!"

"आता दोन चुका झाल्या," बाई शांतपणे म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात उजेड पडला. दातओठ खाऊन मी म्हटलं, "पाणी आहे." तो ण मी असा काही ठोकला की बाहेरच्या पट्टेवाल्यानं आत डोकावून पाहिलं. बाईंनी फुलपात्र पुढे सारलं. "प्या. उद्यापासून या."

घरी येऊन मी आत्याजवळ आदळआपट केली. म्हटलं, बाई लई खडूस हाय, मी न्हाय जायची. आत्या भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नोकरी दिली न्हवं? मग म्हन की ण. ण म्हनाया काय पैसं पडत्यात?" झालं! दुसऱ्या दिवसापासून मी त्या शाळेत चिकटले ती चिकटलेच.

तीस सालचा मार्शल लॉ येऊन गेल्याला तेव्हा वर्ष झालं असेल. बाई चाळिशीच्या, उंच, काटकुळ्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. अंगावर पांढरं नऊवारी लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने छत्री. सोलापुरात पाऊस तो किती पडतो! पण त्यांची छत्री पावसासाठी नव्हतीच. समोरच्याच्या तोंडून चुकीचा उच्चार निघाला की छत्रीचं टोक खाडकन फरशीवर आपटायचं. वर्गात, रस्त्यात, देवळात, कुठंही. लोक म्हणतात जिभेला हाड नाही, आणि ते वाईट अर्थानं म्हणतात. बाईंचं त्यावर म्हणणं वेगळं होतं. "देवानं जिभेत हाड घातलं नाही ते कशासाठी? वळावी म्हणून. मग वळवा!"

आता आमच्या पेठेची तऱ्हा सांगते. किराणा दुकानदार घरात कानडी बोलायचे आणि दुकानात मराठी. पलीकडे साखर पेठेत हातमागवाले, त्यांच्या घराघरांत तेलुगू. टांगेवाल्यांची दखनी. आणि खेड्यापाड्यांतून गिरणीत कामाला आलेली आमच्यासारखी 'हाय-न्हाय'वाली माणसं तर चहूकडे. पण कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. मिरची मागितली की मिरचीच मिळायची, कुणी साखर दिली नाही. हे बाईंना कधी पटलं नाही. "मिळते हो," त्या म्हणायच्या, "पण मागितली कशी?"

मंगळवारच्या बाजारात एक भाजीवाली बसायची, कुंभारी गावाकडची, अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. तिची आणि बाईंची दर आठवड्याला जुंपायची. ती हाक मारायची, "बाई, वांगी न्ह्या की, लई ग्वाड हायत!"

"गोड आहेत म्हण, मग घेते."

"ग्वाड म्हनलं तर ग्वाडच लागत्यात बाई. गोड म्हनलं तर तुमच्या पुन्यावानी लागतील, मग कोन खाईल?"

सगळा बाजार हसायचा. बाई छत्री आपटायच्या आणि वांगी मात्र तिच्याकडूनच घ्यायच्या. इतकी वर्षं कधी दुसरीकडे गेल्या नाहीत. टांगेवाल्यांनी तर त्यांचा धसकाच घेतला होता. बाई दिसल्या की घोडा पळवायचे. एकदा एक म्हातारा सापडला कोपऱ्यावर. बाईंनी स्टेशन येईपर्यंत त्याची शिकवणी घेतली. उतरताना त्यानं हात जोडले, "मेरेकू मराठी नक्को सिकाव बाई. घोडा सुनताय, बिगड जाताय."

आणि त्यांचं ते आजारपण! हिवतापानं फणफणल्या होत्या. मी उशाशी बसले होते. डॉक्टरांचा कंपौंडर आला आणि थर्मामीटर पुढे करून म्हणाला, "ही जिबंखाली धरा बाई." बाईंचे डोळे मिटलेले, शुद्ध जेमतेम. त्यानं नळी तोंडात घातली. एक मिनिट झालं असेल नसेल, नळी तोंडात तशीच ठेवून बाईंनी उच्चारलं, "जि... भे... खाली." कंपौंडर इतका दचकला की ताप किती ते बघायचंच विसरला. मी बाहेर जाऊन पोट धरधरून हसले.

तुम्हाला वाटेल, बाई नुसतीच कटकट. तसं नव्हतं. असल्या कटकट्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांच्यासाठी मी कागद-लेखणी घेऊन बसले नसते. त्या काळी मुली शाळेत येत नसत, त्यांना आणावं लागे. बाई दुपारी गिरणीचा भोंगा झाला की ते कॅनव्हासचे बूट चढवून गल्लीगल्लीतून फिरायच्या. दारात उभ्या राहायच्या. आत या म्हटलं तर जायच्या, नको म्हटलं तर उद्या पुन्हा यायच्या. साखर पेठेतल्या एका मागवाल्याच्या दारात त्या अशा लागोपाठ आठ दिवस उभ्या राहिल्या. त्या गल्लीतून एकही मुलगी शाळेत आलेली नव्हती. मुली घरात रहाटावर बसून कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायला सूत गुंडाळून द्यायच्या. पोरीचे दोन हात गेले तर कामाचं नुकसानच. आठव्या दिवशी पोरीची आई कंटाळून म्हणाली, "घेऊन जावा." बाईंनी तिला शब्द दिला, "मी हिला फायनलपर्यंत नेईन. मास्तरीण करीन." त्या पोरीचं नाव नरसव्वा. तिच्या मागोमाग गल्लीतल्या आणखी तिघी आल्या. नरसव्वा टिकली तर त्या टिकणार, हे बाईंना ठाऊक होतं आणि गल्लीलाही.

नरसव्वा पहिल्यापासून माझ्याकडे होती. आली तेव्हा सात वर्षांची, तिसरीत गेली तोवर मराठी सपासप बोलायला लागलेली. म्हणजे तिची मराठी. "मी आलो बाई," "मी जेवलो बाई." स्वतःबद्दल बोलताना पोरगी कायम पुरुष व्हायची! मध्येच तेलुगू घुसडायची, मध्येच गल्लीतली दखनी. पण बोलण्याची हौस केवढी! शाळेत पाऊल टाकलं की बातम्या सुरू. कुणाची मांजर व्याली, कुणाच्या मागाची दोरी तुटली, कुणाचा नवरा रुसून निघून गेला. मला सगळं कळायचं आणि खोटं कशाला बोलू, मी चवीनं ऐकायची. मीही तिच्यासारखीच ना. मोठ्या बाई जवळ नसल्या की आम्ही दोघी मनसोक्त चुकायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी चिंचोके काढले.

योजना अशी होती. सोमवारी सकाळी प्रत्येक मुलीला मोजून दहा चिंचोके आणि ते ठेवायला कापडाची एक चिमुकली पिशवी. बोलताना कुणी चुकली आणि दुसरीनं पकडलं, की चुकणारीनं एक चिंचोका दाराशी ठेवलेल्या गाडग्यात टाकायचा. हाय, न्हाय, पानी, लई, कुटं, हितं, सगळ्याला एक चिंचोका. पकडणारीला काय मिळायचं? काही नाही, नुसता आनंद. आणि तो आनंद काय असतो ते तिसरीतल्या मुलींना विचारा! शनिवारी जिच्याकडे दहाच्या दहा उरतील तिचं नाव फळ्यावर, तिला एक पेन्सिल, आणि साऱ्या शाळेच्या टाळ्या. नियम आम्हा शिक्षिकांनाही लागू होता. बाईंनी स्वतःसाठीसुद्धा दहा घेतले आणि दर शनिवारी पिशवी उलटी करून दहाच्या दहा दाखवले.

माझे मंगळवारी सकाळीच संपायचे. चौथीतल्या मुली मधल्या सुट्टीत माझ्याभोवती घिरट्या घालायच्या, "बाई, तुम्हाला भूक लागली का हो?" म्हणून विचारायच्या, आणि मी "लई!" म्हटलं की टाळ्या पिटायच्या. मी चिडले की नातेपुत्याची होते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मग आधी मला चिडवायच्या आणि मग एका वाक्याला तीन चिंचोके वसूल करायच्या.

पहिल्या आठवड्यात मुलींनी घरून चिंचोके आणायला सुरुवात केली. सोलापुरात चिंचेला काय तोटा! बुधवारी पिशव्या फुगायला लागल्या. बाईंच्या ध्यानात आलं, त्यांनी शाळेचे चिंचोके गेरूत बुडवून लाल केले. तो गेरू धड वाळला नाही. आठवडाभर साऱ्या शाळेचे हात लाल, नाकं लाल, पाट्या लाल. एक पालक विचारायला आले, शाळेत गोवराची साथ आहे का म्हणून.

तेव्हा आम्ही फार हसलो. पण पौष लागता लागता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मधल्या सुट्टीत शाळेचा आवाज येईना. पूर्वी आमच्या अंगणातला गलका पार चौकातल्या पानवाल्यापर्यंत जायचा. आता मुली दोघी-दोघी, तिघी-तिघी बसायच्या, खुणा करायच्या, मान हलवायच्या. शाळा बघायला एक मोठे गृहस्थ आले होते, ते म्हणाले, वा, काय शिस्त! बाई खूष झाल्या. त्यातून बाईंनी नियम वाढवला होता, चिंचोके फक्त शाळेत नाही, रस्त्यात आणि घरीसुद्धा. म्हणजे शेजारची पोर खिडकीतून कान देऊन बसायची आणि सकाळी शाळेत येऊन सांगायची, काल हिनं आईला 'भाकर दी की' म्हटलं, ती घरात तेलुगूत बोलली.

आणि शनिवारी फळ्यावर नाव कुणाचं? नरसव्वाचं. एकदा नाही, लागोपाठ चार शनिवार. दहापैकी दहा.

बाईंना कोण अभिमान! त्यांनी तिला खुर्चीवर उभं केलं. "पाहा मुलींनो. हिच्या घरात मराठी नाही. आईवडील तेलुगू बोलतात. आणि महिन्याभरात हिची एक चूक नाही. मनात आणलं तर काय अशक्य आहे?" टाळ्या झाल्या. नरसव्वा पिशवी मुठीत गच्च धरून उभी. मुली एकमेकींकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. महिनाभरात नरसव्वानं तोंडच उघडलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची, धडा वाचायला सांगितला की घसा दाखवायची.

मी बाईंना का नाही सांगितलं? खरं सांगते, त्यात माझी खुन्नस होती. त्या पहिल्या दिवसाच्या फुलपात्रापासूनची. एवढ्या हुशार बाई, कान एवढे तिखट, आणि जी मुलगी बोलतच नाही तिला शुद्ध बोलल्याबद्दल पेन्सिल देताहेत! मला गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, बघू या किती शनिवार चालतंय. नरसव्वाच्या पोटात काय चाललं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

पाचव्या शनिवारी टाळ्या वाजत असतानाच तिची आई दारात आली. कमरेला पदर खोचलेला, हाताला सुताचे तंतू चिकटलेले, तशीच कामावरून उठून आलेली. ती सरळ आत आली आणि तिनं नरसव्वाचं मनगट धरलं.

"पोरगीला नेतो बाई," ती म्हणाली. "आता शाळा नको."

बाई गडबडल्या. "अहो, पण आज तर तिला बक्षीस—"

"बक्षीस काय करायचं? पोरगी मुकी झाली. घरात बोलत न्हाय, भावाशी बोलत न्हाय. तेलुगू पन बोलत न्हाय. महिना झाला. दोन मांत्रिक झाले, लिंबू उतरलं, दवा दिला. काय केलं तुमी तिला?"

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या नरसव्वासमोर वाकल्या. "नरसव्वा, आईला सांग बरं, तू बोलतेस ना?"

नरसव्वानं मान हलवली. नाही.

"बोल. काहीही बोल. चुकलं तरी चालेल. मी काही घेणार नाही."

पोरीनं बाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि पिशवी छातीशी धरली. त्या पोरीला जन्मात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या होत्या हो! ती कशी सोडणार? आईनं तिला ओढत नेलं. तिच्या मागोमाग त्या गल्लीतल्या तिन्ही मुलींनी आपापली दप्तरं उचलली.

मुली घरी गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"मग सांगितलं का नाही?"

मी खरं तर माफी मागायला हवी होती. पण मेला माझा स्वभाव! मी म्हटलं, "सांगायचं तर बोलावं लागलं असतं बाई. माझे चिंचोके मंगळवारीच संपत्यात."

बाईंनी छत्री आपटली नाही. खुर्चीवर बसल्या आणि फळ्यावरच्या त्या नावाकडे बघत राहिल्या.

रविवारी सकाळी त्या आत्याच्या दारात हजर. बूट, छत्री, सगळा जामानिमा. "चला," एवढंच म्हणाल्या. आम्ही साखर पेठेत गेलो. रविवार असला तरी गल्लीत मागांचा खटाखट आवाज चालू होता. नरसव्वाच्या घरात एकच मोठी खोली. तिचे वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आई रहाटावर, आणि तिच्या शेजारी दुसऱ्या रहाटावर नरसव्वा. धाकटी दोन भावंडं सुतात लोळत होती. आम्हाला पाहून आईनं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली. बसा म्हणाली नाही.

बाई दारात उभ्या. मला वाटलं आता भाषण करतील, शिक्षणाचं महत्त्व सांगतील, आणि घरची माणसं आम्हा दोघींना हाकलून देतील. पण बाईंनी बूट काढले, आत गेल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या. मागाकडे बोट दाखवून त्यांनी नरसव्वाच्या वडिलांना विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?"

वडील बुचकळ्यात पडले. "मग्गम."

"मागम," बाई म्हणाल्या.

धाकटा पोरगा खुदकन हसला. वडिलांनी मान हलवली, "मग्गम."

बाईंनी कमरेची पिशवी काढली. त्यातून एक लाल चिंचोका काढला आणि नरसव्वाच्या रहाटापुढे जमिनीवर ठेवला. "चुकले. घर? घराला काय म्हणता?"

"इल्लु," धाकटी ओरडली.

"इल्लू."

"इल्लु!"

"इल्लू." आणखी एक चिंचोका. बाईंच्या कपाळावर घाम. तो शेवटचा उकार त्यांना काही केल्या तोडता येईना. मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी पाय पसरून बसायची सवय, आणि तिथं तर लगेच उठायचं होतं. मिठाला उप्पु म्हणतात, बाईंनी उप्पू म्हटलं. चिंचोका. असे आणखी चार गेले. आता गल्लीतल्या बाया दारात जमल्या, पोरं खिडकीला लटकली. पुण्याच्या बाई चुकताहेत आणि दंड भरताहेत, असा तमाशा त्या गल्लीनं कधी पाहिला होता! आईचा रहाट थांबला. बाईंनी आपली छत्री पुढे केली. "आणि ही?"

"गोडुगु," आई म्हणाली. आई स्वतः म्हणाली!

"गोडूगू."

अख्खी गल्ली हसायला लागली. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. "गोडूगू." पुन्हा. "गोऽडूगू." त्या इतक्या मनापासून चुकत होत्या की मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि पायही धरावेसे वाटले. दहावा चिंचोका जमिनीवर पडला. पिशवी रिकामी. आयुष्यात पहिल्यांदा.

नरसव्वाचे खांदे हलत होते. ओठ दाताखाली दाबून धरले होते, पण किती धरणार?

"तसं न्हाय हो बाई!" ती किंचाळलीच. "लांब नका करू! गोडुगु! गो-डु-गु! तोंड पटकन मिटा की, माशी जाईल!"

आणि तिचं तिलाच कळलं. हात तोंडावर गेला. 'न्हाय' झालं होतं, 'की' झालं होतं, शिवाय बाईंच्या तोंडात माशीही गेली होती. ती बाईंकडे बघायला लागली, आम्ही सगळे बाईंकडे बघायला लागलो. त्या कानांची मला खात्री होती, ते बरोबर पकडणार.

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या. "मला नीट ऐकू दे. मला येत नाही ना."

"गोडुगु," नरसव्वा हळूच म्हणाली.

"गोडुगु."

"आलं! आई, बाईला आलं!" आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. तेलुगूत आईला, मराठीत आम्हाला, दखनीत खिडकीतल्या पोरांना. महिनाभराचं साचलेलं सगळं बोलणं एकदम. आईनं पदर डोळ्यांना लावला. वडील खड्ड्यात बसूनच हसत होते.

निघताना बाईंनी विचारलं, "उद्या पाठवाल ना?"

आईनं पोरीकडे पाहिलं, रहाटाकडे पाहिलं. "बघतो," ती म्हणाली. "बोलती पोरगी परत मिळाली मला. आता तुमच्याकडं देताना भीती वाटते बाई." बाईंनी मान डोलावली आणि बूट चढवले. तिचं बरोबरच होतं.

परत येताना टांग्यात बाई सरळ बसल्या होत्या, छत्री मांडीवर आडवी. टांगेवाला जीव मुठीत धरून गप्प होता. तळ्यापाशी आलो आणि त्या एकदम म्हणाल्या, "पाच शनिवार. खुर्चीवर उभं करून. मी स्वतः टाळ्या वाजवल्या हो." आणि रडायला लागल्या. मी बाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाई, चुकलं माझं. मी आधीच बोलायला पायजे होतं." त्यांनी माझा पायजे ऐकला की नाही, देव जाणे.

सोमवारी सकाळी गाडगं दाराशी नव्हतं. मुलींना कुणी काही वाटलं नाही. प्रार्थनेला सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. तिसरीच्या रांगेत नरसव्वाची जागा रिकामी. गल्लीतल्या त्या तिघीही नव्हत्या. बाईंनी प्रार्थना सुरू केली, पण नजर फाटकाकडे. गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. कुणी नाही. मी मनात म्हटलं, संपलं, ही गल्ली गेली हातची.

आणि मग चौकाच्या बाजूनं आवाज आला. पोरगी दिसत नव्हती, नुसता आवाज. ती कुणाला तरी झापत होती, तुझ्यामुळं उशीर झाला म्हणून, अर्धं तेलुगूत आणि अर्धं मराठीत, आणि बाकीच्या तिघी एकदम उलट बोलत होत्या. पानवाला हसत काहीतरी म्हणाला, त्यालाही तिनं सुनावलं. बाई प्रार्थनेची ओळ विसरल्या. मुली अर्ध्यावर थांबल्या आणि माना वळवून बघायला लागल्या.

आमच्या शाळेत उशिरा येणारीला फाटकाबाहेर उभं राहायला लागायचं. नियम बाईंचाच होता. त्या दिवशी बाई स्वतः रांगांमधून चालत फाटकाशी गेल्या आणि कडी काढली. नरसव्वा धापा टाकत आली, वेणी अर्धी सुटलेली, मागे तिघी.

"बाई, मी उशीर केलो न्हाय! हिनं केली! आमी निघालो की, तर वाटंत—" आणि ती थबकली, घाबरून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

बाई तिच्यासमोर खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हं. मग वाटेत काय झालं? सांग ना."